जुने, जीर्ण आणि भग्न

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूताला घर नव्हते. त्यामुळे मिक्सर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. आपण संसारी माणसे. पहाटे उठून नामस्मरण करायचे म्हटले तरी आधी दिव्याचे बटण दाबतो, गिझर लावतो, मग आंघोळ आणि मग जपमाळ. दत्तजयंतीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरून काय काय खाली येते ते प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. दोन इस्त्र्या, एक रेडिओ, पाते नसलेला टेबल फॅन, आणि "असू दे, कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेली चार्जरची पिशवी.

मी केळव्यात राहतो. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी केली आणि निवृत्त झालो. हातात टेस्टर आणि पकड असते म्हणून आळीतली माणसे विचारायला येतात, "काका, टीव्ही गेलाय. करू की टाकू?" हा प्रश्न वरवर पैशांचा वाटतो. वीस-पंचवीस वर्षे तो ऐकता ऐकता मला वाटू लागले आहे की हा धर्माचाही प्रश्न आहे. म्हणजे आपल्या वागण्याने कोणाला त्रास होतो, कोणाचे भले होते, याचा. आणि त्याचे उत्तर द्यायला आपल्या परंपरेत तीन चांगले शब्द आधीच आहेत: जुने, जीर्ण आणि भग्न. हे तीन शब्द आपण एकात मिसळतो, तिथेच सगळा घोटाळा होतो.

आधी जुन्याचे बोलू.

गीतेत देह आणि आत्म्याबद्दल सांगताना वस्त्राचा दृष्टांत आला आहे. माणूस वस्त्र टाकून नवे घेतो, तसा आत्मा देह टाकतो. हा दृष्टांत सगळ्यांना पाठ असतो. पण तिथला शब्द नीट पाहावा. तिथे 'जीर्ण' वस्त्र म्हटले आहे, नुसते जुने नाही. जे झिजून विरले, अंगावर राहीना, ते टाकायचे. मागच्या दिवाळीला घेतले आणि यंदा रंगाची फॅशन गेली, त्या वस्त्राबद्दल भगवंत काही बोललेले नाहीत!

बाजाराला हा फरक पुसून टाकायचा असतो. सणाच्या जाहिराती पाहा. तुमचा फ्रिज थंड करत नाही असे कोणी म्हणत नाही. तो 'जुना' आहे, एवढेच सांगतात, आणि आपण मान डोलावतो. चालू असलेली वस्तू केवळ जुनी झाली म्हणून घराबाहेर काढणे ही कृतघ्नता आहे, असे मी मानतो. ती वस्तू जड आहे, तिला वाईट वाटणार नाही, हे खरेच. पण ती घडवताना खाणीतून तांबे निघाले, कोळसा जळला, कोणीतरी पाळीवर उभे राहून घाम गाळला. कृतज्ञता त्या सगळ्यांबद्दल ठेवायची.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा, नाहीतर माझे म्हणणे भाबडे होईल. काही वस्तू चालू असतात, पण चालताना फार खातात. छताच्या साध्या जुन्या पंख्याला साधारण ७५ वॅट वीज लागते, आणि नव्या पद्धतीच्या बीएलडीसी पंख्याला ३० च्या आसपास. झोपायच्या खोलीतला पंखा रोज बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस चालला, तर वर्षाला १६२ युनिटांचा फरक पडतो. आठ रुपये युनिट धरले तर जवळजवळ तेराशे रुपये. तीन हजारांचा नवा पंखा अडीच वर्षांत स्वतःची किंमत फेडतो, आणि त्यापुढे दरवर्षी तेवढी वीज वाचते. पण हाच जुना पंखा पाहुणे आले की तासभर लागणाऱ्या बैठकीच्या खोलीत असेल, तर वर्षाचा फरक तेरा-चौदा युनिटांचा. तिथे तो खुशाल राहू द्यावा. म्हणजे वस्तूचे वय पाहून ठरवू नये. ती किती तास राबते आणि त्यासाठी काय घेते, हे पाहावे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली आहे. ती वाचायला दोन मिनिटे लागतात.

आता जीर्ण.

आपण किनाऱ्यावरची माणसे. सुरूच्या बनातून येणारा वारा अंगाला कितीही गोड लागला तरी लोखंडाला तो सोसत नाही. मुंबईत पंधरा वर्षे टिकणारा फ्रिजचा पत्रा आपल्याकडे त्याआधीच खालून फुगतो. स्विचबोर्डातले स्क्रू हिरवे पडतात, टीव्हीच्या मागच्या जोडण्यांवर मीठ बसते. त्यात पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली. त्यामुळे आपल्याकडे वस्तू बिघडणे ही रोजची गोष्ट आहे. पण बिघडली म्हणजे संपली असे मुळीच नाही.

पंखा हळू फिरतो, काठीने ढकलल्यावर सुरू होतो, तर दहातल्या बहुतेक वेळा पन्नास-साठ रुपयांचा कंडेन्सर गेलेला असतो. मिक्सर अचानक बंद पडला तर आधी तो उलटा करून खालचे लाल बटण दाबून बघावे. जास्त भार आला की ते आपोआप तुटते. वास येत असेल, ठिणग्या दिसत असतील, तर कार्बन ब्रश झिजले असतील. फ्रिज सारखा चालू राहतो पण थंड होत नाही, तर आधी दाराचे रबर बघा. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर सैल आहे. फ्रिजमध्ये 'गॅस भरून देतो' म्हणणाऱ्याला विचारा, "गळती कुठे आहे ते शोधलंत का?" गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जातो.

याला मी जीर्ण म्हणतो. वस्तूचा एक भाग थकला, बाकी धड आहे. आणि जीर्णासाठी आपल्याकडे फार मोठा शब्द आहे: जीर्णोद्धार. देवळाचे कौल गळू लागले, वासा कुजला, म्हणून कोणी देव दुसरीकडे हलवून देऊळ मोडीत काढत नाही. गावकरी वर्गणी काढतात, वासा बदलतात, कळस पुन्हा चढवतात. या कामाला आपण पुण्य मानतो. मग घरातल्या यंत्राचा कुजलेला वासा बदलायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

आपल्या शेजारचेच मोठे उदाहरण आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. पन्नास वर्षे राबल्यावर २०२० मध्ये त्या थांबवल्या आणि आतले मुख्य नळ बदलण्याचे मोठे काम हाती घेतले. तिथे यंत्र किती वर्षांचे, एवढ्यावर निर्णय होत नाही. कोणता भाग थकला, तो बदलता येईल का, आणि बदलल्यावर यंत्र सुरक्षित चालेल का, हे बघावे लागते. घरच्या गिझरलाही हेच तीन प्रश्न लागू आहेत, फक्त आकार लहान.

लोक मला 'अर्ध्याचा नियम' विचारतात. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्याहून जास्त झाला तर नवी घ्यावी, असा हा नियम. वाईट नाही, हिशोबाला सोपा आहे. टीव्हीचा पडदा फुटला तर तो बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, तिथे हा नियम बरोबर उत्तर देतो. पण त्यात दोन गोष्टी मोजलेल्या नसतात. दुरुस्तीचे पैसे बहुतेक गावातल्याच माणसाच्या घरी जातात, ही एक. आणि मोडीत गेलेल्या वस्तूचा भार कोणीतरी उचलतो, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी पावतीवर छापलेल्या नसतात.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाबद्दल थोडे बोलले पाहिजे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथांनी हा भाग आपल्यासाठी मराठीत आणला. पृथ्वी, वायू, समुद्र, पतंग, मधमाशी या मंडळीत एक कारागीरही आहे. तो बाण घडवणारा. बाण सरळ करण्यात तो इतका गढलेला होता की शेजारून वाजतगाजत राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता घेतली. पालघरच्या बाजारात एखाद्या अरुंद गाळ्यात, डोळ्याला भिंग लावून, सोल्डरिंगची कांडी धरून बसलेला माणूस पाहिला की मला तो बाणकर्ता आठवतो. चोवीस गुरूंच्या यादीत कारागिराला जागा आहे, आणि आपण मात्र त्याच्याशी मजुरीच्या दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो. शोरूममध्ये वीस हजारांच्या वस्तूवर तोंड उघडत नाही. तिथे एसी असतो, इथे माणूस असतो, एवढाच फरक.

तीच गोष्ट देवळात. कोणत्याही देवळाच्या सभामंडपात वर मान करून बघा. पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावे असतात. नवा पंखा द्यायला लोक पुढे येतात आणि ते चांगलेच आहे. पण बंद पडलेल्या चार पंख्यांचे कंडेन्सर आणि बेअरिंग बदलायला देणगी दिली, असे फारसे ऐकू येत नाही, कारण कंडेन्सरवर नाव लिहिता येत नाही. यंदाच्या उत्सवात ज्यांना काही द्यावेसे वाटते त्यांनी विश्वस्तांना विचारावे, "दुरुस्तीला काय निघालंय?" नाव न लागणारे दान दत्तमहाराजांना कमी पोहोचते असे मला तरी वाटत नाही.

आता तिसरा शब्द: भग्न.

मूर्ती भंगली तर ती पूजेत ठेवत नाहीत. कितीही पिढ्यांची असली तरी तिचे विसर्जन करतात. म्हणजे आपली परंपरा नुसती 'जपा, जपा' म्हणणारी नाही. सोडायची वेळ कोणती, तेही ती सांगते. यंत्रही भंगते. गिझरची टाकी आतून गंजून पाझरू लागली, वस्तूच्या अंगावर करंट येऊ लागला आणि कारण सापडेना, भाग मिळेनासे झाले, प्लॅस्टिक वितळून जळका वास येऊ लागला, तर तिथे काटकसर दाखवू नये. जीवावर बेतणारी काटकसर हा लोभच आहे.

वस्तू भग्न झाली तरी आपण दोन कारणांनी धरून ठेवतो. एक माया. "आईच्या हातचा मिक्सर आहे." चोवीस गुरूंमधला कपोत पिल्लांच्या मायेने स्वतः जाळ्यात उतरला, ती कथा आपण ऐकतो आणि घरी येऊन शॉक देणारी इस्त्री जपून ठेवतो. आई त्या मोटारीत नसते. तिने शिकवलेल्या चटणीच्या चवीत ती असते. दुसरे कारण साठा. मधमाशी साठवत राहते आणि शेवटी मधासकट तिचाही नाश होतो. माळ्यावर दहा वर्षे पडलेली वस्तू आपल्याला उपयोगी नसते, आणि तिच्यातले तांबे-लोखंडही कोणाच्या कामी येत नाही. मग राखण तरी कशाची?

आता सगळ्यांत नाजूक भाग. नको झालेली वस्तू 'देऊन टाकणे'.

आमच्याच घरी हा प्रश्न आला होता. गिझरची टाकी खालून पाझरत होती आणि नळाला हात लावला की मुंग्या येत. नवा आणायचे ठरले. मुलगा म्हणाला, "बाबा, हा वाडीत येणाऱ्या ताईंना देऊया. त्या चुलीवर पाणी तापवतात. थोडं वेल्डिंग करून घेतील." मनात वाईट काही नव्हते. पण आमची सौभाग्यवती म्हणाली, "आपल्या घरात लावायची ज्याची भीती वाटते, ते तिच्या घरी कसं पाठवायचं? तिच्याकडे अर्थिंग तरी आहे का?"

मला कठोपनिषदातला नचिकेता आठवला. बाप मोठा यज्ञ करून सर्वस्व दान करत होता. पण दानात दिल्या जात होत्या त्या गाई अशा, की ज्यांचे पाणी पिऊन संपले, गवत खाऊन संपले, दूध देऊन संपले. लहानग्या नचिकेत्याला ते बघवले नाही. अशा दानाने बापाला कोणता लोक मिळणार, या काळजीने त्याने प्रश्न केला, आणि त्या प्रश्नापासून मृत्यूच्या दारापर्यंतचा प्रवास सुरू झाला. एवढे मोठे उपनिषद सुरू होते ते निकामी वस्तूच्या दानापासून! आपण ती गोष्ट ब्रह्मज्ञानासाठी वाचतो, आणि पहिली ओळ घरी विसरतो.

वाडीतल्या ताईंना काही द्यायचेच होते. म्हणून आमचा चालू टेबल फॅन काढला, त्याला नवी वायर आणि तीन पिनांचा प्लग लावला, दोन दिवस चालवून पाहिला आणि मग दिला. देण्याआधी आपण दुरुस्त करायचे आणि मग द्यायचे. दुसऱ्याला दुरुस्तीचा खर्च आणि धोका देणे म्हणजे दान नव्हे, ती आपली अडगळ हलवणे झाले.

आणि मग गिझरचे काय? इथे विसर्जनाचा प्रश्न येतो. मूर्तीचे विसर्जन आपण विधीने करतो, रस्त्यात टाकून येत नाही. यंत्राच्या विसर्जनालाही विधी हवा. वस्तू फाटकाबाहेर गेली की नाहीशी होत नाही, हे बोईसर-तारापूरच्या माणसाला शिकवायला नको. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि मासेमारी बिघडते, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे जावे लागले. कुंपणाबाहेर गेलेले कोणाच्या तरी जाळ्यात येतेच. भंगारात वायर जाळून तांबे काढतात, तेव्हा तो धूर कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो. फुटलेल्या ट्यूबमधला पारा, जुन्या खोक्याच्या टीव्हीच्या काचेतले शिसे, मातीत मिसळले की परत काढता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद नाही.

चोवीस गुरूंमध्ये कोळी आहे, जाळे विणणारा. तो आपल्या आतून धागा काढतो, त्यावर खेळतो, आणि शेवटी तो धागा स्वतःच गिळून परत आत घेतो. अवधूताने त्यात परमेश्वराची सृष्टी आणि संहार पाहिला. मला त्यात व्यवहाराचाही धडा दिसतो. ज्याने बाहेर काढले त्याने परत घेतले पाहिजे. आपल्या देशाच्या कायद्यात हेच आले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे, बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाच्या रीतसर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. म्हणून नवी वस्तू घेताना दुकानदाराला ठणकावून विचारावे, "जुनी परत घेता ना? ती पुढे कुठे जाते?" इन्व्हर्टरची जुनी बॅटरी तर दुकानदार पैसे देऊन घेतो, ती भंगारात फोडायला देऊ नये. मोबाइल, सेल, ट्यूब वेगळे ठेवावेत, घरच्या कचऱ्यात टाकू नयेत.

कोळ्याच्या धड्याची दुसरी बाजूही आहे. बनवणाऱ्याने दुरुस्त करता येईल असे बनवावे. आज काही वस्तू अशा चिकटवलेल्या असतात की उघडल्या की मोडतात. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर 'किती सहज दुरुस्त होते' याचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि अशाच गुणांकनाबद्दलचा एक अहवाल मे २०२५ मध्ये त्यांच्याकडे आला. छापील गुण येतील तेव्हा येतील. तोवर दुकानात तीन प्रश्न आपले आपण विचारायचे: याचे भाग मिळतात का, किती वर्षे मिळतील, आणि जवळचा दुरुस्तीवाला कुठे आहे? आपल्या वयाची दहा गिऱ्हाइके हेच विचारू लागली तर दुकानदार कंपनीला विचारेल.

शेवटी आपल्या वयाचेच थोडे. माझ्या गुडघ्यात वाटी बसवलेली आहे, डोळ्यांत भिंगे. माझाही जीर्णोद्धार झालेला आहे म्हणा ना! घरातली मुले चालू वस्तू केवळ जुनी म्हणून टाकायला लागली की आपल्याला आत कुठेतरी टोचते. ते का टोचते, हे आपल्याला माहीत असते, बोलत नाही इतकेच. पण त्याची दुसरी बाजूही सांभाळली पाहिजे. आपला शब्द, आपला हट्ट, आपली सत्ता भग्न झाली असेल तर तीही वेळेवर विसर्जित करावी. माळ्यावर ठेवू नये.

भाविकहो, दत्तजयंतीच्या आवराआवरीत माळा उघडाल तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा: ही जुनी आहे, जीर्ण आहे की भग्न? जुनी असेल तर वापरा, नाहीतर धड करून गरजूला द्या. जीर्ण असेल तर कारागिराकडे न्या आणि त्याची मजुरी हसून द्या. भग्न असेल तर हात जोडा आणि तिचे विसर्जन अशा ठिकाणी करा की तिचा धूर किंवा विष कोणाच्या वाट्याला जाणार नाही. अवधूताने चोवीस गुरू उघड्या जगात शोधले. आपल्याला पंचविसावा घरच्या माळ्यावरही भेटेल.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.